मालकाचं उत्तर: ‘फोनवर स्पष्ट, प्रिंट मात्र धूसर’ या तक्रारीबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. आजींच्या मोठ्या फोटोचं काम तुम्ही विश्वासाने आमच्याकडे दिलं आणि ते मनासारखं झालं नाही, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. चेहरा मेणासारखा गुळगुळीत दिसतोय, हे तुमचं म्हणणं खरं आहे. प्रिंट बाहेर आली तेव्हा मलाही तसंच दिसलं. आजी आता नाहीत आणि हा फोटो घरात कायमचा लागणार आहे, हे तुम्ही मला सांगितलं होतं. म्हणून वाईट जास्तच वाटलं.

पण एक तारा देऊन खाली तुम्ही लिहिलंय, ‘माझ्या फोनवर फोटो अगदी स्पष्ट आहे, यांनीच छपाईत वाट लावली.’ या वाक्याने रात्री झोप लागली नाही. हे काम मी गेली अनेक वर्षं करतोय. नवीन गिऱ्हाईक आधी अभिप्राय वाचतं आणि मग ठरवतं, म्हणून इथेच सविस्तर लिहितो. लांबेल, पण कृपया पूर्ण वाचा.

तुमच्याकडून आलेली फाइल १२०० बाय १६०० पिक्सेलची होती. पिक्सेल म्हणजे ज्या बारीक ठिपक्यांनी फोटो बनतो ते. म्हणजे सगळे मिळून साधारण १९ लाख पिक्सेल. फोटो भावाने काढलाय आणि त्याच्या फोनचा कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा आहे, असं तुम्हीच सांगितलं होतं. असा कॅमेरा साधारण ३०२४ बाय ४०३२ पिक्सेलचा फोटो देतो, म्हणजे एक कोटी वीस लाखांच्या वर. भावाने काढलेल्या फोटोचे सहा भाग केले, तर आमच्यापर्यंत त्यातला एकच पोचला. बाकीचे पाच चॅटमधून पाठवतानाच गेले. फोटो काढल्याची तारीख, कॅमेऱ्याचं नाव अशी माहितीही त्या फाइलमध्ये उरलेली नव्हती. ती पुसलेली दिसली की फोटो बहुतेक चॅटमधून फिरून आलाय, हे आम्हाला लगेच कळतं.

मग तुमच्या फोनवर तो स्पष्ट कसा दिसतो? कारण पडदाच तेवढा असतो. बऱ्याच फोनचा पडदा रुंदीला १०८० पिक्सेलचा असतो. १२०० पिक्सेलचा फोटो त्यावर भरून उरतो. सहा-सात सेंटिमीटरच्या रुंदीत सगळं दाटीवाटीने बसतं, म्हणून ते टोकदार दिसतं. तुम्ही प्रिंट मागितली १२ बाय १६ इंचांची. तेच १२०० पिक्सेल १२ इंचांवर पसरले की इंचाला फक्त १०० येतात. जवळून बघायच्या चांगल्या प्रिंटसाठी आम्ही इंचाला ३०० धरतो. लांबून बघायच्या फोटोला २०० सुद्धा चालून जातात. भावाची मूळ फाइल असती तर इंचाला २५२ मिळाले असते आणि आज हा अभिप्राय लिहायची वेळ तुमच्यावर आली नसती.

नुसते पिक्सेल कमी होऊन थांबलं असतं तरी एक वेळ निभावलं असतं. आजींच्या स्वेटरची वीण का गेली, हे तुम्ही विचारलंय, म्हणून सांगतो. चॅट अ‍ॅप फोटो लहान करतं आणि वर जेपेग पद्धतीने तो दाबतंही, म्हणजे फाइलचं वजन कमी करतं. ही पद्धत १९९२ पासूनची आहे. त्यात फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनातले जे बारीक चढउतार डोळ्याला सहसा जाणवत नाहीत, ते टाकून देतात. रंगाचा तपशील बहुतेक वेळा त्याआधीच कमी केलेला असतो, कारण डोळ्याला उजेड-अंधार जितका बारकाईने कळतो तितका रंगातला फरक कळत नाही. लहान पडद्यावर ही युक्ती छान चालते. पण बारीक चढउतार म्हणजे कोणते? पांढऱ्या केसांच्या बटा, कपाळावरच्या सुरकुत्या, लोकरीचा विणलेला टाका. तेच पहिले जातात. सावलीच्या भागात तर उरतात नुसते सपाट डाग. कानामागे जो चौकोनी ठिगळासारखा भाग दिसतोय तो हाच. शाई सांडलेली नाही.

आणि हे एकदाच झालेलं नाही. भावाने फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, तिथे तो पहिल्यांदा दाबला गेला. तुम्ही तिथून सेव्ह करून फोटो म्हणूनच आमच्या नंबरवर पाठवलात, तेव्हा तो पुन्हा दाबला गेला. गेलेला तपशील परत येत नाही, उलट प्रत्येक वेळी आणखी थोडा जातो. अ‍ॅपवाल्यांना मी दोष देत नाही. कमी डेटात फोटो झटकन पोचावा म्हणूनच ते असं करतात, आणि रोजच्या गप्पांना ते ठीकच आहे.

आता उशिराबद्दल. तुम्ही ‘तीन दिवस लावले’ असं लिहिलंय. फाइल सोमवारी दुपारी आली. त्याच संध्याकाळी मी स्वतः मेसेज केला, ‘फाइल लहान आहे, ओरिजिनल डॉक्युमेंट म्हणून पाठवा.’ उत्तर मंगळवारी संध्याकाळी आलं. बुधवारी प्रिंट तयार होती. ते मेसेज अजून माझ्याकडे आहेत, पण ते इथे टाकणं मला बरं वाटत नाही.

तुम्ही लिहिलंय, ‘सांगितलं तसं डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तरी तेच.’ हे अगदी खरं आहे. तुम्ही पाठवलात, आणि मी उघडून पाहिलं तर पुन्हा १२०० बाय १६००. ग्रुपवरून उतरवलेली तीच प्रत तुम्ही डॉक्युमेंट म्हणून पाठवली होती. डॉक्युमेंट म्हणून पाठवल्याने फाइल वाटेत बिघडत नाही, पण आधी बिघडलेली फाइल सुधारतही नाही. मूळ फाइल फक्त ज्याने फोटो काढला त्याच्याच फोनमध्ये असते. माझ्या मेसेजमध्ये मी हे लिहायला हवं होतं. ‘ओरिजिनल’ हा शब्द आमच्या तोंडी इतका बसलाय की समोरच्याला तो कळला असेल असं मी धरून चाललो. ही चूक माझी. मेसेजऐवजी फोन करायला हवा होता, हेही कबूल करतो. पण मी पुन्हा विचारल्यावर ‘आमच्याकडे हाच आहे, आता छापूनच टाका’ असं तुम्ही लिहिलंत. मी ते ऐकलं. ऐकायला नको होतं, असं आता वाटतं.

कागद हलका असल्याचा आरोप मात्र मला मान्य नाही. त्याच रोलवर त्या दिवशी इतरही मोठे फोटो निघाले आणि त्यांच्याबद्दल कोणाचीही तक्रार आलेली नाही. तुमच्या पाकिटात मी त्याच फाइलमधून काढलेला ४ इंच रुंदीचा एक छोटा फोटोही न विचारता, पैसे न घेता ठेवला होता. ४ इंचांत १२०० पिक्सेल म्हणजे इंचाला बरोबर ३००. तोच कागद, तेच मशीन. तो जरा उजेडात धरून बघा, आजींचे डोळे किती जिवंत आले आहेत. तुमच्या अभिप्रायात त्या फोटोचा उल्लेखही नाही, याचं मला वाईट वाटलं.

‘हल्ली एआयने सगळं स्पष्ट करता येतं, यांना ते जमत नाही’ हेही तुम्ही लिहिलंय. जमतं. करून पाहिलं होतं. असं सॉफ्टवेअर हरवलेला तपशील शोधून आणत नाही, तिथे काय असू शकेल याचा अंदाज बांधून नवीन रंगवतं. सुरकुत्या वेगळ्याच जागी आल्या, पापण्या दाट झाल्या, आणि समोर जी बाई आली ती तुमच्या आजी नव्हती. फुलाचा किंवा डोंगराचा फोटो असता तर मी तो दिला असता. गेलेल्या माणसाचा चेहरा अंदाजाने बनवून देणं मला पटत नाही. अशी विनंती पुन्हा आली तरी मी नाहीच म्हणेन.

हे वाचणाऱ्या इतरांसाठीही सांगतो, कारण आठवड्यात एकदा तरी हाच प्रसंग येतो. मोठी प्रिंट हवी असेल तर ज्याने फोटो काढला त्याच्याच फोनवरून थेट पाठवायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर गॅलरीचं बटण न वापरता डॉक्युमेंटमधून फाइल निवडा. आयफोनवर फोटो आधी ‘फाइल्स’मध्ये सेव्ह केला की तिथून निवडणं सोपं जातं. एचडीचा पर्याय २०२३ मध्ये आला. तो साध्यापेक्षा नक्कीच बरा, पण तीही मूळ फाइल नव्हे, तोही फोटो दाबतोच. टेलिग्रामवर फोटो ‘फाइल’ म्हणून पाठवता येतो. ईमेलला जोडला किंवा ड्राइव्हची लिंक दिली तरी उत्तम. आणि कृपया स्क्रीनशॉट पाठवू नका, त्यात फोटो पडद्याएवढाच उरतो. पाठवण्याआधी गॅलरीत फोटोची माहिती उघडून पिक्सेलचे आकडे बघा. लांब बाजू १६०० च्या आसपास असेल तर तो बहुतेक चॅटमधून आलेला आहे, असं समजा.

आमच्याकडूनही सुधारणा करतोय. ऑर्डर घेतानाच फाइल तपासून लगेच फोन करायचा असं सगळ्यांना सांगितलंय, काउंटरवर सूचनाही लावू, आणि बाकी जे करता येईल ते करू.

तुमचा फोटो मी पुन्हा त्याच मापात, एक पैसाही न घेता छापून देईन, फक्त मूळ फाइल मिळू द्या. अभिप्राय बदलायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण एक गोष्ट राहून राहून आठवतेय. ऑर्डर देताना बोलता बोलता तुम्ही म्हणाला होतात की भाऊ या महिन्यात फोन बदलणार आहे. ताई, त्याला आजच फोन करा आणि जुना फोन देऊन टाकण्याआधी तो फोटो काढून घ्यायला सांगा. प्रिंट मग आमच्याकडे करा किंवा दुसरीकडे.