नव्वद दिवसांचा हिशेब

पन्नाशीत नोकरी सोडून युरोपात एकेका देशात तीन-तीन महिने राहा, असं एका लेखात वाचलं. बेत झकास, पण शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसावर, कुठल्याही १८० दिवसांत हे सगळे देश मिळून फार तर ९० दिवस राहता येतं. देश बदलला म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही. आल्या-गेल्याचे दिवसही धरतात!

आम्ही दोघं लिस्बनला महिनाभर एकाच खोलीत राहिलो. तिथल्या अल्फामा या जुन्या वस्तीच्या चढांनी हिचे गुडघे बोलायला लागले, पण तिसऱ्या आठवड्यात कोपऱ्यावरचा बेकरीवाला न सांगताच दोन पाव बाजूला काढून ठेवायचा. बडोद्याला दांडिया बाजारात परतलो तर डब्यातल्या तूरडाळीत पोरकिडे. तुळस मात्र शेजारच्या काकूंनी जगवली होती.