सुईएवढा तडा

"भावा, सुईएवढा तडा होता. वेल्डिंग मारून दोन सीझन काढले आम्ही त्याच्यावर."

शाळेच्या ग्रुपवर हे वाक्य आलं आणि चार दिवस झाले, डोक्यातून जात नाही. आमच्या एका मित्राच्या डबल ट्रॉलीतली मागची ट्रॉली उसासकट चढावर सुटली. ती जोडणारा हूक तुटला. सुईएवढा तडा त्या हूकलाच होता. मागं मोटारसायकलवालं कुणी नव्हतं म्हणून निभावलं. त्यावर ग्रुपात दोन तट पडले. एकाचं म्हणणं, उसाची तोड आली असताना सुईएवढ्या तड्यापायी ट्रॉली उभी करायची काय? दुसऱ्याचं म्हणणं, फॉरेनला बघा, तडा दिसला की गाडी जाग्यावर बंद. आपल्याकडं फिटनेस बघतोय कोण?

मला राग दोघांचाही आला. दुसऱ्याचा जास्त, कारण तो माझं नाव घेऊन बोलत होता.

मी कॅनडातल्या ऑन्टारिओत चारशे एक हायवेवर मालवाहू गाड्या तपासतो. पूर्ण तपासणी 37 टप्प्यांची असते आणि त्यात जोडणीपाशी मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. तडा दिसला की गाडी बंद, असा सरसकट नियम इथं नाही. तडा कुठं आहे, ते आधी बघायचं. फिफ्थ व्हीलच्या, म्हणजे ट्रेलरचं तोंड ज्यावर बसतं त्या ग्रीसच्या जड तबकडीच्या, मागच्या उतरत्या टोकाला तडा असेल तर त्यासाठी गाडी अडवत नाहीत. ते टोक ट्रेलर चढवताना वाट दाखवण्यापुरतं. ओढण्याचा भार त्याच्यावर येत नाही. ओतीव तबकडीच्या रिब्जमध्ये, म्हणजे आधाराच्या पट्ट्यांमध्ये, आकसल्याच्या रेघा असतात, त्याही चालतात. त्या रेघा मला इथं कुणी शिकवाव्या लागल्या नाहीत. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत दोन वर्षं काढलीत मी. ओतीव माल थंड होताना कुठं आकसतो आणि कसा दिसतो, हे कोल्हापूरच्या पोराला कॅनडानं काय सांगायचं?

पण पिंटल हूकला, म्हणजे ट्रेलर ज्याला अडकवतात त्या आकड्याला, केसाएवढा तडा दिसला तरी गाडी तिथंच उभी. ट्रेलरच्या ज्या डोळ्यात, म्हणजे कडीत, तो हूक अडकतो, त्यालाही तोच न्याय. हूकवर वेल्डिंगची दुरुस्ती दिसली तरी नापास, मग ती कितीही सफाईदार असो. फेब्रुवारीत एका ड्रायव्हरनं माझ्याशी वाद घातला होता. मागच्या आठवड्यात तुम्ही माझ्या तबकडीवरचा बोटभर तडा सोडलात आणि आज हा नखाएवढा धरताय? मी त्याला खाली बोलावलं. हूकवरची ग्रीस पुसली, तारेच्या ब्रशनं घासलं आणि टॉर्च आडवा धरला. रंगाखालून गंजाची तांबूस रेघ बाहेर येत होती. रस्त्यावरच्या मिठानं ती आणखी गडद झालेली. ट्रेलरची सगळी ओढ हूकच्या त्या एका वळणावर येते. तो गप्प बसला.

आता त्या सुईएवढ्या तड्याचं. वेल्डिंग वरून बसतं, तड्याचं मूळ आत तसंच राहतं. उष्णतेनं शेजारचं पोलाद कडक आणि ठिसूळ होतं. मग भरली ट्रॉली खड्ड्यात आदळली की हिसका नेमका तिथंच बसतो आणि वेल्डिंगच्या टाक्याच्या कडेनं नवा तडा चालू होतो. दोन सीझन निघाले, म्हणजे तो दोन सीझन वाढत होता.

हे मी ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, "तू तिकडनं सांगू नकोस."

ते मला लागलं. कारण मी तिकडचा झालो तो नंतर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आबांचं वेल्डिंगचं दुकान होतं. सोळाव्या वर्षी मी स्वतः ट्रॉलीच्या हूकला टाका मारलाय. आबांनी वरून ग्राइंडर फिरवला, मी वरून रेड ऑक्साइडचा रंग मारला. तडा दिसेनासा झाला. मालक खूश होऊन गेला, मला वर दहा रुपये दिले. तो हूक पुढं किती टिकला, मला माहीत नाही. इथं क्रीपरवर, म्हणजे गाडीखाली सरकायच्या चाकांच्या फळीवर, झोपून मी कुणी रंगाखाली लपवलेला टाका लगेच ओळखतो, तेव्हा वरिष्ठ कौतुक करतात. मी कुठं शिकलो, हे त्यांना कधी सांगितलेलं नाही. आबा आता नाहीत. त्यांनी कुणाला फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांना तेवढंच ठाऊक होतं, आणि शेतकऱ्याला संध्याकाळच्या आत ट्रॉली हवी असायची.

काल रात्री ट्रॉली सुटलेल्या त्याच मित्राचा वेगळा मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकट्याला. दुसऱ्या ट्रॉलीच्या हूकचा फोटो होता. "हे चालंल काय रे?"

फोटोत ग्रीसशिवाय काही दिसत नव्हतं. मी लिहिलं, सगळी ग्रीस पूस, घासून काढ, उन्हात तिरका धरून पुन्हा फोटो पाठव आणि तोवर ट्रॉली जोडू नकोस. इथं रात्रीचे नऊ वाजले होते, तिकडं सकाळचे साडेसात. ट्रॅक्टर फडाकडं निघायची वेळ. मी फोन हातात धरून बसलो होतो.