रंगाचा हात आणि एजंटचा आकडा : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. घर विक्रीसाठी तयार करण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपले दोन आक्षेप आहेत. घर आवरून, रंगवून दाखवण्याचा सल्ला म्हणजे खरेदीदाराच्या डोळ्यांत धूळ फेकण्याची शिकवण होय, हा पहिला. आणि ज्याला स्वतःच्या कमिशनपलीकडे कशाचेही सोयरसुतक नसते अशा एजंटवर किंमत सोपवायला सांगून मी विक्रेत्यांचे नुकसान करते आहे, हा दुसरा. दुसऱ्यात बरेच तथ्य आहे. पहिला मला अर्धाच मान्य आहे.

घर आवरणे आणि घरातला दोष झाकणे या दोन गोष्टी आपण एकाच मापाने मोजल्या आहेत. अडगळ काढली की खोली खरोखर केवढी आहे ते दिसते, खिडकीतून उजेड कुठवर येतो ते कळते, आणि भिंतींवरचे डागही उघडे पडतात. काही लपवायचेच असेल, तर रिकाम्या खोलीपेक्षा सामानाने भरलेली खोली कितीतरी सोयीची असते. रंगाबद्दलची आपली शंका मात्र रास्त आहे, आणि 'भिंतींना रंगाचा एक हात द्यावा' हे माझे वाक्य ढिसाळ होते. ओल आलेल्या भिंतीवर रंग देणे ही फसवणूक तर आहेच, शिवाय ती टिकतही नाही. भिंतीतले पाणी पृष्ठभागावर येऊन उडून जाताना सोबत आणलेले क्षार तिथेच ठेवून जाते, भिंतीला लोणा लागतो आणि नव्या रंगाला पोपडे येतात.

आमचे जुने घर विकायला काढले तेव्हा झोपण्याच्या खोलीच्या एका कोपऱ्यात अशीच ओल होती. पहिल्या एजंटने तिथे कपाट सरकवण्याचा सल्ला दिला. त्याला आम्ही पुन्हा बोलावले नाही. भिंतीमागच्या न्हाणीघरातल्या पाइपचा सांधा गळत होता. तो दुरुस्त केला, खराब गिलावा खरवडून नवा केला, भिंत पूर्ण वाळेपर्यंत थांबलो आणि मगच रंग दिला. घर पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला तो कोपरा आणि प्लंबरची पावती मी आपणहून दाखवत असे. एका जोडप्याने ती पावती पाहूनच पाठ फिरवली, हेही सांगायला हवे.

आता एजंटविषयी. त्याचा स्वार्थ मालकाच्या स्वार्थाशी पूर्णपणे जुळत नाही, हे माझ्या लेखात यायला हवे होते. कमिशन दोन टक्के धरले आणि आणखी महिनाभर थांबल्याने किंमत पाच टक्क्यांनी वाढणार असेल, तर ती वाढ जवळजवळ सगळी मालकाच्या पदरात पडते. एजंटच्या वाट्याला मूळ किमतीचा एक दशांश टक्का येतो, आणि महिनाभर घर दाखवत फिरण्याचे कष्ट मात्र त्याचे. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातील जवळपास १ लाख घरविक्रींचा अभ्यास करून २००८ मध्ये दाखवले, की एजंट स्वतःचे घर विकतात तेव्हा ते तशाच इतर घरांपेक्षा सरासरी साडेनऊ दिवस अधिक बाजारात ठेवतात आणि सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतात.

परंतु यावरून एजंटच नको, किंमत मालकानेच ठरवावी, असा जो निष्कर्ष आपण काढला आहे, तो मला पटत नाही. कारण मालकाचा अंदाजही निर्मळ नसतो. १९९० च्या दशकातील बोस्टनमधल्या सदनिकांवर डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, खरेदीच्या वेळी दिलेली रक्कमही परत मिळणार नाही अशी चिन्हे असलेल्या मालकांनी त्या संभाव्य तुटीच्या २५ ते ३५ टक्के इतकी भर आपल्या मागणीत घातली होती, आणि त्यांच्या सदनिका विकल्या जायला अधिक वेळ लागला. आपण कधीकाळी किती मोजले होते, याच्याशी गिऱ्हाइकाला काय देणेघेणे?

म्हणून निदान तीन एजंटांकडून अंदाज घ्यावा आणि प्रत्येकाला जवळपासची घरे कितीला विकली गेली ते विचारावे. कितीला विकायला काढली आहेत ते नव्हे. सर्वांत मोठा आकडा सांगणाऱ्यापासून मी तरी सावध राहीन. काम हाती पडेपर्यंत आकडा फुगवायचा आणि मग 'बाजार मंद आहे' म्हणत मालकाला पायरी पायरीने खाली आणायचे, ही या धंद्यातली जुनी चाल आहे. कराराची मुदत किती, विक्रीचे काम एकट्याकडे की अनेकांकडे, कमिशन कोणत्या टप्प्यावर द्यायचे आणि एजंट खरेदीदाराकडूनही पैसे घेणार आहे का, हे सारे लेखी असावे. यातला शेवटचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात. पण दोन्हीकडून कमिशन घेणारा माणूस घासाघिशीच्या वेळी कोणाची बाजू लावून धरेल, हे आधीच कळलेले बरे.

मूळ लेखातले रंगाविषयीचे वाक्य आणि किंमत एजंटवर सोपवण्याचा परिच्छेद मी आज बदलला आहे. आवराआवरीचा भाग तसाच ठेवला आहे. विक्रीआधी स्वयंपाकघर नव्याने करून घ्यावे का, असेही आपण विचारले होते. माझ्या मते करू नये. येणाऱ्याची आवड वेगळी असते आणि त्या खर्चातला बराचसा भाग किमतीतून परत येत नाही. गळके नळ, नीट न लागणारी दारे आणि बंद पडलेले दिवे तेवढे दुरुस्त करून घ्यावेत.