मधल्या बटणाविषयीच्या आपल्या तक्रारीस उत्तर

नमस्कार,

आपण आमच्या ड्रायव्हरला (कीबोर्डाचे संदेश संगणकाला पोहोचवणाऱ्या प्रोग्रामला) एक स्टार देऊन लिहिले आहे की, कीबोर्डावरच्या जी, एच आणि बी या कळांमधली लाल दांडी ढकलून पान सरकवल्यावर मधले बटण सोडताच लिंक नव्या टॅबमध्ये उघडते, आणि आम्ही ‘तीन आठवडे नुसती टोलवाटोलवी’ केली. आपल्याला जो त्रास झाला त्याबद्दल क्षमस्व. यातला एक दोष आमचाच होता, तो आम्ही नाकारत नाही.

मधल्या बटणाला दोन कामे असतात. ते दाबून दांडी ढकलली तर स्क्रोल होतो, नुसते दाबून सोडले तर मधली क्लिक होते. बटण खाली जाते त्या क्षणी हाताच्या मनात काय आहे हे कोणत्याही ड्रायव्हरला कळत नाही, म्हणून क्लिक बटण सुटेपर्यंत रोखून धरावी लागते आणि दरम्यान स्क्रोलचा एक जरी संदेश आला तरी ती रद्द करावी लागते. लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, अशा कीबोर्डांसाठी जो ड्रायव्हर आहे, त्यातही बटण वर, बटण खाली पण अनिश्चित, आणि स्क्रोल चालू अशा तीन अवस्था धरलेल्या आहेत. आमच्या जुन्या आवृत्तीत उभ्या स्क्रोलला ही तिसरी अवस्था लागत असे, आडव्याला लागत नसे. ती चूक आता दुरुस्त केली आहे.

मात्र तीन आठवड्यांविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. आपला पहिला मेल सोमवारी रात्री आला आणि मंगळवारी सकाळीच आम्ही लॉग फाइल, म्हणजे ड्रायव्हरच्या कामाची नोंद, मागितली; त्याच मेलमध्ये, कीबोर्डाच्या कंपनीचा स्वतःचा प्रोग्रामही चालू आहे का, असे विचारले होते. त्यावर आपले ‘नाही’ एवढेच उत्तर आले. लॉग आमच्या हाती पडला तो सोळाव्या दिवशी, दोनदा आठवण केल्यानंतर, आणि त्यात बटणाच्या एकेका दाबामागे दोन क्लिका स्पष्ट दिसत होत्या: आम्ही रोखलेली क्लिक तो दुसरा प्रोग्राम आपल्या हिशोबाने पुढे पाठवत होता. म्हणजे उभ्या स्क्रोलनंतर उघडणाऱ्या टॅबशी आमच्या ड्रायव्हरचा संबंध नव्हता. लॉग मिळाल्यापासून पाचव्या दिवशी आम्ही दुरुस्ती पाठवली. एकवीस दिवसांपैकी सोळा दिवस आम्ही कशाची वाट पाहत होतो, हे आपल्या अभिप्रायात कुठेही आलेले नाही.

क्लिक ‘उशिरा लागते’ हेही आपण नोंदवले आहे. ती बटण सुटल्यावरच जाणार, त्याला इलाज नाही. परंतु दांडीच्या किंचित थरथरीला स्क्रोल समजून क्लिक हरवू नये यासाठी ठेवलेली मर्यादा कमी-जास्त करण्याची सोय पुढील आवृत्तीत देण्याचा विचार आहे, आणि दुसरा प्रोग्राम आढळल्यास सूचना दाखवण्याचेही पाहत आहोत.

हा ड्रायव्हर आम्ही दोघेच सांभाळतो आणि नवा ग्राहक सर्वांत आधी हे स्टारच पाहतो, म्हणून एवढे सविस्तर लिहावे लागले. दुरुस्त आवृत्तीची लिंक आपल्या मेलवर पाठवली आहे. ती आपण अद्याप उतरवून घेतलेली दिसत नाही. कंपनीचा प्रोग्राम बंद करून ती एकदा वापरून पाहावी, ही विनंती.