एकटीचा प्रवास, अख्ख्या नागपूरचं सामान

एकटीने परदेश फिरण्यातली मजा शेवटच्या दिवसाच्या आदल्या रात्री संपते. पुढचा दिवस आपला नसतोच. तो नणंदेचा असतो, भाचीचा असतो, शेजारच्या काकांचा असतो, आणि बिल्डिंगमधल्या अशा एका बाईचा असतो जिचं नाव आपल्याला धड ठाऊक नाही, पण तिला जपानी छत्री हवी आहे.

मी जपानला निघाले तेव्हा शंकरनगरपासून इतवारीपर्यंत सगळ्यांनी एकच विचारलं, "एकटीच?" जणू जपानला जायला किमान चौघं लागतात, नाहीतर दार उघडत नाहीत. सासूबाईंनी डिंकाचे लाडू दिले, ह्यांनी इन्शुरन्सचे कागद दिले आणि निघाले. मग क्योतो झालं, हिरोशिमा झालं, कानाझावाला पावसात भिजून झालं. तेवढ्या काळात नागपूरने मला खुशाल विसरून टाकलं होतं. रोज रात्री ह्यांचा "गॅस बंद केला" एवढा निरोप यायचा. इतका सुखाचा संसार मी याआधी कधी केला नव्हता.

मग कोणीतरी माझ्या परतीची तारीख घरच्या ग्रुपवर टाकली.

शेवटच्या दिवशी माझा बेत अगदी साधा होता. टोकियोत यामानोते नावाची एक गोल फिरणारी लोकल आहे. 30 स्टेशनं, आणि तासाभरात गाडी जिथून निघाली तिथेच परत. मला उएनोला चढायचं होतं, खिडकीशी बसायचं होतं आणि कुठेही न उतरता उएनोलाच परत यायचं होतं. पोचायचं कुठेच नाही, असा प्रवास बाईमाणसाच्या वाट्याला कितीदा येतो?

पण जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. म्हणजे तिकडे सकाळचे साडेअकरा वाजले की नागपुरात आठ. चहा झालेला, पेपर वाचून झालेला, आणि आता फोन कोणाला लावायचा हा प्रश्न. गाडी इकेबुकुरोच्या आसपास असेल, पर्समध्ये घरघर सुरू झाली.

जपानी लोकलमध्ये फोनवर बोलत नाहीत. तशी पाटी असते, सूचना असते, आणि पाटी नसती तरी ते लोक बोलले नसते. डब्यात दीडशे माणसं आणि आवाज फक्त चाकांचा. मी फोन कानाला घट्ट दाबून कुजबुजले, "ट्रेनमध्ये आहे. नंतर करते."

"काय? ऐकू येऊन नाही राहिलं! थांब, स्पीकरवर टाकतो. ताई पण इथेच बसली आहे!"

त्यांनी त्यांचा स्पीकर लावला, पण आवाज माझ्या फोनमधून असा आला की शिंजुकूपर्यंत डब्याला माझी नणंद कळली. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. हीच त्या लोकांची वाईट खोड. आपल्याकडे निदान कोणीतरी वळून "ओ मॅडम, हळू" म्हणतं आणि विषय संपतो. इथे समोरचे आजोबा डोळे मिटून घेतात आणि आपण आपल्या मनाने मरायचं. मी पुढच्या स्टेशनला उतरले. फेरी अर्धीच राहिली.

ताईंना भाजी चिरायची सुरी हवी होती. "जपानची. मोबाइलवर दाखवतात ना, टमाटर कसं कागदासारखं कापते, तशी."

त्यासाठी कप्पाबाशीला जावं लागतं. उएनो आणि आसाकुसाच्या मधला हा अख्खा रस्ता हॉटेलवाल्यांच्या सामानाचा. कढया, पातेली, आणि दुकानाबाहेर मांडायचे मेणाचे-प्लास्टिकचे पदार्थ, इतके हुबेहूब की एका नूडल्सच्या वाडग्यापुढे मला खरोखर भूक लागली. सुऱ्यांच्या दुकानात एक साठीतले गृहस्थ बसले होते. त्यांनी मला सुरी दाखवण्याआधी विचारलं, डावा हात की उजवा? पारंपरिक जपानी सुरीला म्हणे धार एकाच बाजूने असते, म्हणून दोन्ही हातांची सुरी वेगळी. भाजीच्या त्या चौकोनी, रुंद पात्याला ते उसुबा म्हणत होते.

फोन लावला. "ताई, तुम्ही उजव्या हाताने चिरता ना?"

"मी उजव्याच. पण सून डावरी आहे आमची." पलीकडे क्षणभर विचार झाला. "उजव्याचीच आण."

दुकानदार पात्यावर नाव कोरून देतात, तेही फुकट, हे मी फोन चालू असताना मोठ्याने बोलायला नको होतं. आमच्याकडे स्टीलच्या चमच्यालाही नाव घातल्याशिवाय तो घरचा होत नाही, आणि ताईंच्या घरात तर 1987 च्या बारशापासूनची पातेली नाव, तारीख आणि प्रसंगासह जपून ठेवलेली आहेत.

"सप्रेम भेट लिही आधी. मग माझं नाव. खाली तुमच्या दोघांचं. म्हणजे उद्या कोणी विचारलं तर सांगता येतं."

"ताई, सुरी आहे ती, ताट नाही. जागा नाही तेवढी."

"मग तारीख राहू दे."

मी कागदावर देवनागरीत लिहून दिलं. गृहस्थांनी तो कागद चष्म्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग अतिशय अदबीने खुणेने विचारलं, यावर ही आडवी रेघ मारलेली आहे, म्हणजे हे खोडलंय का? मी सांगितलं, नाही हो, रेघ हवीच. त्यांनी एक बोटभर छिन्नी आणि छोटी हातोडी घेतली आणि टुक टुक करत आधी सगळी अक्षरं कोरली, मग सरळ पट्टी न धरता वर एका दमात शिरोरेषा ओढली. इतवारीत भांड्यावर नाव घालणारे डोळे न उचलता जशी ओढतात, अगदी तशी. तो माणूस मराठीचं एक अक्षरही न जाणता माझ्या शाळेतल्या पोरांपेक्षा सुंदर लिहून गेला. ताई मात्र ही सुरी शोकेसमध्ये ठेवणार आहेत. भाजी त्या विळीवरच चिरतात.

सुरीची पिशवी सांभाळत बाहेर आले तर शेजारच्या काकांचा व्हॉइस मेसेज. काकांची काटोलला संत्र्याची बाग आहे, आणि जगात संत्रं एकच, बाकी सगळं लिंबू, असं त्यांचं मत आहे. तरी त्यांना जपानी संत्र्याच्या बिया हव्या होत्या. "चार-पाचच आण. लावून पाहू, काय दिवे लावते ते."

डिसेंबर म्हणजे जपानातही संत्र्याचाच मोसम. तिथल्या छोट्या संत्र्याला मिकान म्हणतात. उएनो ते ओकाचिमाचीच्या मधे रेल्वेच्या पुलाला लागून आमेयोको नावाचा बाजार आहे. महायुद्धानंतर तिथे काळाबाजार भरायचा, आता सरळ बाजार भरतो, पण ओरडणं तेच. आख्ख्या टोकियोत मला घरच्यासारखं वाटलं ते इथेच, कारण इथे माणसं ओरडून माल विकतात. जाळीच्या पिशवीत मिकान घेतलं आणि एका कठड्याशी उभी राहून सोलायला लागले. साल आपल्या संत्र्याहूनही सैल, फोड गोड, आंबटपणा नावाला. नागपूरकर म्हणून मला हे लिहिताना त्रास होतो, पण चांगलं होतं. फक्त त्यात बी नव्हती. दुसरं सोललं, बी नाही. पिशवी संपली. मिकान मुळात बिनबियांचंच असतं, हे मला एका फळवाल्या बाईने हसून, हाताने फुली करून सांगितलं.

काकांना कळवलं. लगेच उत्तर. "बी नाही तर झाड कसं लावतात बाप्पा?"

काका स्वतः आयुष्यभर जंबेरी नावाच्या लिंबाच्या खुंटावर डोळे भरून, म्हणजे संत्र्याच्या फांदीवरची कळी बसवून, संत्र्याची कलमं करत आले आहेत. आणि परदेशातून बी-रोप आणायला कागदपत्रं लागतात, नाहीतर विमानतळावरच काढून घेतात, हेही त्यांना चांगलं माहीत आहे. मी एवढंच लिहिलं, "काका, डोळे भरतात." त्यावर त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि खाली, "मग एक डोळा आण."

आता सालांचं काय करायचं? टोकियोत कचऱ्याचा डबा दिसणं म्हणजे नागपुरात मे महिन्यात हिरवळ दिसणं. 1995 साली तिथल्या भुयारी रेल्वेत सरिन वायूचा हल्ला झाला, तेव्हापासून सार्वजनिक जागेतले डबे मोठ्या प्रमाणावर काढून टाकले. ते परत फारसे आलेच नाहीत. लोक आपला कचरा घरी नेतात. आणि रस्त्यावर कपटा दिसत नाही, हे मला अजूनही पटलेलं नाही. मी किलोभर संत्र्यांची सालं पर्समध्ये घालून दिवसभर फिरले. भाचीसाठी ग्रीन टीची चॉकलेटं घेतली, सालं बरोबर. त्या बाईची छत्री घेतली, सालं बरोबर. पासपोर्टला अजून सुवास आहे.

रात्री खोली. टोकियोतल्या हॉटेलच्या खोलीत एक तर माणूस मावतो किंवा उघडी बॅग. बॅग पलंगावर उघडली आणि मी बाथरूमच्या उंबऱ्यावर उभी राहिले. वजनाची मर्यादा 23 किलो. निघताना इतवारीतून हुकाचा स्प्रिंगकाटा आणला होता. बॅग अडकवून दोन्ही हातांनी उचलली की काटा पंचविसावर जायचा, हात थरथरले की बाविसावर. मी बाविसाचा मान ठेवला.

काट्यावर माझा विश्वास नव्हता. जपानचं एक येनचं नाणं ॲल्युमिनियमचं असतं, वजन बरोबर 1 ग्रॅम. त्याने काटा तपासावा म्हटलं तर हजार नाणी अडकवली की एक किलो. माझ्याकडे तेवढी नव्हती, पण फार कमीही नव्हती. परक्या देशाची नाणी घरी आल्यावर कोणी बदलून देत नाही, म्हणून रात्री खाली जाऊन यंत्रातून गरम कॉफीचे डबे घेतले. यंत्र दहापासून वरची नाणी घेतं, एक आणि पाचची तोंडावर परत फेकतं. ती सगळी सुट्टी नागपूरला, देवघरातल्या डब्यात.

वजन कमी करायला काहीतरी सोडणं भाग होतं. माझ्या फ्लोटर्सचा पट्टा कानाझावालाच तुटला होता. केराची बादली मुठीएवढी, म्हणून त्या सकाळीच तिच्या बाजूला ठेवून गेले होते. परत येऊन पाहते तर त्या पलंगावर, पुसून, पिशवीत घालून, वर हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवून. मी त्या पुन्हा बादलीशी ठेवल्या. सकाळी किल्ली देऊन बाहेर पडले आणि चौकातला सिग्नल लागला, तेवढ्यात मागून काउंटरवरचा मुलगा धावत आला. धापा टाकत, कमरेत वाकून, दोन्ही हातांनी पिशवी पुढे. आपल्याकडे देवळाबाहेर नव्या चपला दोन मिनिटं सोडायची चोरी आणि इथे तुटक्या फेकायची सोय नाही! मी घेतल्या. न घेऊन सांगते कोणाला? पोरगं रडलं असतं.

नारिताला चेक-इनच्या काट्यावर बॅग 23.4 भरली. काउंटरवरच्या मुलीने आकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. अंगात दोन स्वेटर, त्यावर कोट, कोटाच्या खिशांत चॉकलेटं, हातात छत्री आणि फ्लोटर्सची पिशवी. ती गोड हसली आणि बॅग सोडली. बहुधा तिलाही नणंद असावी.

विमानात बसताना ह्यांचा मेसेज आला. "अधिवेशन सुरू झालं. मोर्चे आहेत, सीताबर्डीकडचे रस्ते बंद. गाडी घेऊन येऊन नाही राहिलो. एअरपोर्टवरून मेट्रोनेच ये, सीताबर्डीला बदल, शंकरनगरला उतर. सामान काही जास्त नाही ना?"