घोळणा फुटतो तेव्हा: ‘ही गाठ फक्त मुलग्यांना होते’ हे कितपत खरं?

व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतो आहे. त्यात म्हटलंय की नाकातली रक्तवाहिन्यांची गाठ फक्त वयात येणाऱ्या मुलग्यांना होते. बायकांच्या किंवा म्हाताऱ्यांच्या नाकातून रक्त आलं तर ती उष्णता नाहीतर बीपी. गरोदरपणातली गाठ बाळंतपणानंतर जातेच. आणि शंका असेल तर ओपीडीतच तुकडा काढून तपासावा. पहिलं विधान अर्धवट आहे, शेवटचं जिवावर बेतू शकतं.

“फक्त मुलग्यांना होते.” हे ज्युव्हेनाइल अँजिओफायब्रोमा या एकाच गाठीला लागू पडतं. ती नाकाच्या पार मागे, स्फीनोपॅलेटाइन या हाडातल्या छिद्राजवळ उगवते आणि रुग्ण जवळपास नेहमी १० ते २० वर्षांचा मुलगा असतो. पण लोब्युलर कॅपिलरी हिमँजिओमा, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांची गाठ, तरुण बायकांमध्ये, विशेषतः गरोदरपणात, सर्रास दिसतो. तो बहुधा नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागात किंवा टर्बिनेटच्या (नाकाच्या बाजूच्या भिंतीवरच्या हाडाच्या उंचवट्याच्या) टोकाला असतो. रिपोर्टवर कधी ‘पायोजेनिक ग्रॅन्युलोमा’ हे जुनं नाव असतं. ‘पायोजेनिक’ म्हणजे पू करणारा, पण त्यात पू नसतो, तेव्हा अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. कॅव्हर्नस हिमँजिओमा (रुंद रक्तवाहिन्यांची गाठ) मोठ्या वयात, नाकाच्या बाजूच्या भिंतीवर आढळतो. तो हाड दाबून झिजवतो, त्यामुळे सीटीवर कॅन्सरसारखा भासतो.

अँजिओफायब्रोमाही क्वचित नेहमीची जागा सोडून गालाच्या सायनसमध्ये किंवा पडद्यावर होतो. असे रुग्ण वयाने मोठे असतात, त्यांत बायकांचं प्रमाण नेहमीच्या जागच्या अँजिओफायब्रोमापेक्षा जास्त असतं, आणि गाठीत रक्तवाहिन्या कमी असल्याने स्कॅनवर ठरावीक चित्र उमटत नाही. म्हणून बाईच्या किंवा पन्नाशीतल्या पुरुषाच्या रिपोर्टवर हे नाव आलं, तर स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवावी आणि बीटा-कॅटेनिन व स्टॅट-६ ही पेशींतली प्रथिनं शोधणाऱ्या चाचण्यांबद्दल विचारावं. दुसरी चाचणी सॉलिटरी फायब्रस ट्यूमर ही दुसरीच गाठ वेगळी ओळखायला लागते.

“उष्णता किंवा बीपी.” बहुतेक घोळणे कोरडेपणाने किंवा नाकात बोट घातल्याने फुटतात, हे मान्य. पण रक्त दरवेळी एकाच नाकपुडीतून येतं, तीच नाकपुडी बंद असते आणि त्रास वाढत जातो, तेव्हा दुर्बिणीने नाक मागपर्यंत पाहायलाच हवं. गाल बधिर होणं, एकाचे दोन दिसणं किंवा मानेत गाठ येणं ही लक्षणं असतील तर थांबूच नये. पन्नाशीनंतर आधी कॅन्सर नाही याची खात्री करायची, मग सौम्य गाठीचा विचार. आणि रक्त येत असताना कांदा हुंगवून डोकं मागे टाकू नका, रक्त पोटात जाऊन उलटी होते. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग १० ते १५ मिनिटं सलग दाबा; मध्येच सोडून बघितलं की धरलेली गुठळी निघते.

“बाळंतपणानंतर जातेच.” बऱ्याचदा आक्रसते, नेहमी नाही. रक्त थोडं असेल तर सलाइनचे थेंब घालून वाट पाहता येते. हिमोग्लोबिन उतरत असेल तर गरोदरपणातही जागा बधिर करून गाठ काढता येते. दुसरी तिमाही त्यातल्या त्यात सोयीची. नुसतं वरवर जाळलं की गाठ परत येते. गाठीच्या बुडाशी असलेलं नाकाचं अस्तर आणि गाठ पडद्यावर असेल तर कूर्चेवरचं आवरणही थोडं काढावं लागतं. पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकाच जागी कॉटरी केली (जाळलं) तर पडद्याला भोक पडू शकतं.

“ओपीडीत तुकडा काढा.” अँजिओफायब्रोमातल्या रक्तवाहिन्यांना स्नायूंचा पुरेसा थर नसतो. त्या आकुंचन पावत नाहीत, म्हणून कापल्यावर रक्त आवरत नाही. आधी कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन केलेला स्कॅन), गरज पडल्यास एमआरआय. मोठ्या गाठीचा रक्तपुरवठा ऑपरेशनच्या २४ ते ७२ तास आधी एम्बोलायझेशनने, म्हणजे रक्तवाहिनीत आतून अडथळा घालून, बंद करतात. पुढच्या भागातली छोटी गाठ मात्र थेट पूर्ण काढली तरी चालते.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर घाई नकोच. नाकातली गाठ कवटीतून खाली उतरलेला मेंदूचा भागही असू शकते. कापली तर मेंदूभोवतीचं पाणी गळून मेंदूज्वराचा धोका. रडताना ती फुगते, पण हिमँजिओमाही फुगतो, त्यामुळे एमआरआयशिवाय फरक कळत नाही. हिमँजिओमाच निघाला तर बाळाला बहुधा सुरी लागत नाही; प्रोप्रॅनोलॉल या औषधाने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तो ओसरतो.