एक हजार सहावी पौर्णिमा

आई ऐंशी वर्षं दहा महिन्यांची झाली आणि तिच्या खात्यात एक हजार पौर्णिमा जमा झाल्या. हिशेब सोपा आहे. एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस, त्याला हजाराने गुणायचं. चौतीस वर्षं बँकेत काढल्यामुळे मी तो तीनदा पडताळून पाहिला आणि दत्तजयंतीनंतरच्या रविवारी नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम ठरला. गुरुजी ठरले, आचारी ठरले, ८१ दिव्यांची ताटं कोण आणणार ते ठरलं. राहिला व्हिडिओवाला. त्याने सांगितलेला आकडा ऐकला आणि माझ्या तोंडून ते वाक्य गेलं, "एवढे कशाला घालवायचे? शूटिंग घरचंच कोणीतरी करेल. एडिटिंग मी करतो. त्यात काय आहे?"

त्यात काय आहे, ते मला पुढचे सहा महिने हप्त्याहप्त्याने कळत गेलं.

शूटिंग मेहुण्याने केलं. त्याच्याकडे जुना हँडीकॅम आहे, आणि तो चालतो हे सिद्ध करायची संधी तो कित्येक वर्षं शोधत होता. जोडीला ऐरोलीत नोकरी करणारा पुतण्या आपला मोबाईल घेऊन होता. कार्यक्रम छान झाला. मसालेभात छान झाला. तिसऱ्या दिवशी मी कॅमेऱ्याचं कार्ड लॅपटॉपला लावलं. आत एक फोल्डर, त्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा, आणि सगळ्यात आत, कपाटातल्या डब्यातल्या डबीत दागिने ठेवावेत तशा चौदा फायली. पहिलीचं नाव ०००००, दुसरीचं ००००१. साडेतीन तासांचा मजकूर, २७ जीबी. पुतण्याने लॅपटॉपमध्ये टाकून दिलेल्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मी त्या ओढल्या आणि चालू केल्या. गुरुजींचा आवाज आला, भांड्यांचा आला, "अगं ती समई सरकव" हाही आला. चित्र मात्र काळंकुट्ट. मोबाईलवरचा व्हिडिओ दिसत होता, पण असा, की आईने हात जोडले. थोड्या वेळाने आई खुर्चीत बसलेली होती. मधलं काय झालं ते लॅपटॉपने स्वतःपाशी ठेवलं.

पुतण्याला फोन केला. "काका, रॉ फुटेज आहे ते. आधी कन्व्हर्ट करून घे, मग एडिट कर. पाच मिनिटांचं काम आहे." आणि लगेच आपलीच दुरुस्ती केली, "म्हणजे, खरं रॉ नाही हां. खरं रॉ म्हणजे सेन्सरवर पडलेला प्रकाश जसाच्या तसा, त्याचे रंगसुद्धा अजून जुळवलेले नसतात. आपलं नुसतं न कापलेलं आहे. पण सगळे रॉच म्हणतात."

स्पीकर चालू होता. आईने आतून विचारलं, "कच्चं राहिलंय का काही?"

"व्हिडिओ कच्चा आहे."

"मग शिजव की. त्याला किती वेळ लागतो?"

इथून माझा हिरव्या बटणांशी संबंध आला. व्हिडिओ कन्व्हर्टर (म्हणजे एका साच्यातला व्हिडिओ दुसऱ्या साच्यात घालून देणारं सॉफ्टवेअर) फुकट हवा आहे असं इंटरनेटला कळलं की चारही बाजूंनी हिरवी बटणं धावून येतात. प्रत्येकावर 'डाउनलोड' लिहिलेलं, आणि त्यातलं खरं बटण सगळ्यात लहान, राखाडी, खाली कोपऱ्यात. मी पहिल्या दिवशी तीन हिरवी दाबली. कन्व्हर्टर एकच आला, पण त्याच्याबरोबर हवामान सांगणारं एक, बॅटरी वाचवणारं एक आणि लॅपटॉप किती मंद झालाय हे दर दहा मिनिटांनी सांगणारं एक अशी वऱ्हाडी मंडळी आली. लॅपटॉप मंद झाला होता हे खरं. कशामुळे, ते मात्र ते सांगत नव्हतं.

पहिल्या कन्व्हर्टरने काम केलं. चित्र दिसलं! फक्त त्या चित्राच्या मधोमध, तिरक्या अक्षरांत, कंपनीचं नाव होतं. बरोबर गुरुजींच्या कपाळावर, गंधाच्या जागी. ते पुसायला पैसे मागत होते. दुसऱ्याने कपाळ सोडलं, पण फुकटात प्रत्येक फाईलचा पहिला एक तृतीयांश भागच देत होता. चौदा फायली, चौदा एक तृतीयांश. एकत्र पाहिलं तर आईला दर थोड्या वेळाने कोणीतरी ओवाळायला ताट उचलतं आणि ओवाळत मात्र कोणीच नाही.

सकाळी तलावपाळीला फिरायला जातो, तिथल्या कट्ट्यावर हा विषय निघाला. कट्ट्यावर प्रत्येक विषयाला औषध असतं आणि ते बहुधा मेथीचं असतं. या वेळी ते पेनड्राइव्हमध्ये होतं. एक गृहस्थ हळूच म्हणाले, "पूर्ण व्हर्जन आहे. क्रॅक केलेलं. फक्त टाकताना अँटीव्हायरस बंद करा." चौतीस वर्षं लोकांना 'आपला पासवर्ड कोणालाही सांगू नका' असं सांगितलेला मी माणूस. पेनड्राइव्ह साभार परत केला. (घरी येऊन एकदा मोह झाला, हे खोटं कशाला सांगू?)

पौष पौर्णिमेला आई म्हणाली, "एक हजार एक." एवढंच.

तिसरा कन्व्हर्टर विकत घेतला. हो, व्हिडिओवाल्याच्या आकड्याचा छोटासा हप्ता तिथे गेला. कॅमेऱ्याच्या फायली त्याने उघडल्या, मोबाईलच्याही उघडल्या. मी आनंदाने तात्यांच्या भाषणापर्यंत पोचलो. तात्या म्हणजे आईचे धाकटे बंधू. त्यांचे ओठ आणि त्यांचा आवाज वेगवेगळ्या वेळी येत होते. कवळी आणि तात्या यांचं एरवीही फारसं पटत नाही, त्यामुळे मला आधी शंकाच आली नाही. पण भाषण संपून तात्या खाली बसले, त्यांनी पाणी प्यायला सुरुवात केली, आणि पाणी पिता पिताच म्हणाले, "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो."

पुतण्या रविवारी आला. माझी दया येऊन की जेवायला, ते माहीत नाही. त्याने उलगडा केला तो असा. मोबाईल सेकंदाला ठरावीक चित्रं काढतोच असं नाही. उजेड कमी झाला की तो चित्रं कमी काढतो. दिवे ओवाळताना आपण हॉलमधले दिवे मालवले होते, तात्या त्या अंधारातच बोलायला उभे राहिले होते. मोबाईल दमाने चित्रं काढत होता आणि आवाज आपल्या गतीने नोंदवत होता. कन्व्हर्टरने मात्र गृहीत धरलं की सगळी चित्रं समान अंतरावर आहेत, आणि ती तशी मांडून टाकली. आवाज एका टोकाला, तात्या दुसऱ्या.

"आणि हँडीकॅमचं?"

हँडीकॅमचं दुखणं वेगळं होतं. आई नमस्कार करायला हात हलवायची तेव्हा बोटांच्या कडांना फणीसारखे दात यायचे. त्या कॅमेऱ्याच्या पोटात एव्हीसीएचडी नावाची पद्धत आहे, २००६ साली सोनी आणि पॅनासोनिकने मिळून आणलेली. तीत सेकंदाला ५० अर्धी चित्रं नोंदवलेली होती: एकदा विषम ओळी, एकदा सम ओळी. आमच्या गल्लीत सम तारखेला या बाजूला गाड्या, विषम तारखेला त्या बाजूला अशी पाटी आहे, हुबेहूब तसं. दोन्ही तारखांच्या गाड्या एकाच दिवशी उभ्या केल्या की गल्लीचं जे होतं, ते आईच्या बोटांचं होत होतं.

पण माझ्या डोक्यात खरा प्रकाश पडला तो पुढच्या मुद्द्यावर. जो व्हिडिओ मोबाईलवर सुरळीत चालतो तो एडिटिंगला बसला की लॅपटॉप का घायकुतीला येतो? पुतण्या म्हणाला, कॅमेरा जागा वाचवण्यासाठी प्रत्येक चित्र पूर्ण लिहीतच नाही. एक पूर्ण लिहितो, मग पुढच्या कित्येक चित्रांत नुसता काय बदललं तेवढंच.

"म्हणजे डिट्टो!" मी ओरडलोच. जुन्या लेजरमध्ये वरच्या ओळीला पूर्ण नाव आणि खाली पानभर दोन-दोन टिंबं. वरून खाली वाचत गेलं तर काही अडत नाही. पण मधलीच ओळ काढून दाखव म्हटलं की कारकून बोट ठेवून वर वर जाणार, नाव शोधणार, परत खाली येणार. एडिटिंग म्हणजे दर क्षणाला मधलीच ओळ मागणं. माझा लॅपटॉप सहा आठवडे बोट ठेवून वर-खाली करत होता, बिचारा. यावर उपाय म्हणजे सगळ्या डिट्टो खोडून प्रत्येक ओळीत पूर्ण नाव लिहायचं. ॲपलचं २००७ सालचं प्रोरेस किंवा ॲव्हिडचं डीएनएक्सएचडी हे असं पूर्ण नावाचं लेजर. हे मला पहिल्याच दिवशी कोणी सांगितलं असतं तर मी एकही हिरवं बटण दाबलं नसतं, कारण ती सगळी मला डिट्टोचंच लेजर नव्या पुठ्ठ्यात घालून देत होती.

पुतण्याने आधी हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर दाखवलं. फुकट, प्रामाणिक, आणि चिन्ह अननसाचं. अननसाच्या शिऱ्यावर वाढलेल्या माणसाचा विश्वास बसायला एवढं पुरे. पण त्याचं मुख्य काम व्हिडिओ पाहण्यासाठी आटोपशीर करणं, आणि आम्हाला हवा होता ऐसपैस. मग त्याने एक काळी खिडकी उघडली. हिरवं बटण नाही, राखाडी नाही, कुठलंच नाही. नुसती चमकणारी एक रेघ. "एफएफएमपेग," तो म्हणाला. २००० साली फाब्रिस बेलार नावाच्या फ्रेंच माणसाने सुरू केलेलं, फुकट, आणि तू विकत घेतलेल्यासारख्या कित्येक कन्व्हर्टरांच्या आत मुळात हेच बसलेलं असतं. म्हणजे वडा एकाच कढईतला, मी रुपेरी कागदाचे पैसे भरून आलो होतो.

नौपाड्यात जुन्या वळणाची वाण्याची दुकानं अजून एखाददुसरी आहेत. मालक मान वर करत नाही, "या, बसा" म्हणत नाही, आणि मागितलंत तेच देतो. तुम्ही 'डाळ' म्हणालात तर गप्प बसून राहील. कुठली, किती, ते सांगितल्याशिवाय हात हलणार नाही. एफएफएमपेग त्या गोत्रातलं. कोणती फाईल, सम-विषम ओळी जुळवायच्या का, सेकंदाला किती चित्रं, आवाज कसा, कुठे ठेवू, सगळं एका ओळीत लिहून द्यायचं. पुतण्याने ती ओळ मला व्हॉट्सॲपवर पाठवली. ती मी मोबाईलवर थोडी दुरुस्त करून परत स्वतःलाच पाठवली. माझ्या मोबाईलने, ज्येष्ठ नागरिकाला मदत म्हणून, पहिलं अक्षर मोठं केलं आणि सरळ अवतरणचिन्हं वाकडी केली. काळ्या खिडकीने एका वाक्यात मला हाकललं. दोन दिवस मी पुतण्यावर संशय घेतला. चूक वाकड्या अवतरणचिन्हाची होती.

होळीच्या पौर्णिमेला आईने नैवेद्य दाखवता दाखवता सांगितलं, "एक हजार तीन."

आता जागेचा प्रश्न. पूर्ण नावं लिहायची तर लेजर जाड होणारच. साध्या प्रोरेसला एचडीत सेकंदाला २५ चित्रांच्या हिशेबाने तासाला सुमारे ५५ जीबी लागतात. माझ्या २७ जीबीचे १९० च्या वर होणार होते आणि लॅपटॉपमध्ये रिकामे होते ६०. बायको म्हणाली, "त्या व्हिडिओवाल्याने किती सांगितले होते हो?" मी उत्तर न देता स्टेशनजवळ जाऊन एक टीबीची हार्ड डिस्क घेऊन आलो.

मग रात्री सगळं लावून झोपायचं आणि पहाटे उठून बघायचं, असा क्रम सुरू झाला. शुक्रवारी दुपारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे ठाऊक असूनही एकदा शुक्रवारीच लावलं, आणि लॅपटॉपची बॅटरी माझ्याच वयाची निघाली. कळवा सोडलं आहे, ठाणं समोर दिसतं आहे, लोक दारात येऊन उभे आहेत आणि लोकल सिग्नलला थांबली आहे, त्या जागी ती चौदावी फाईल मेली. पण बाकी तेरा सुखरूप होत्या. बोटांचे दात गेले होते. तात्या ज्या क्षणी बोलत त्याच क्षणी ऐकू येत. मी मधलीच ओळ मागितली की लॅपटॉप ती काढून देत होता. रात्री दोन वाजता एकटाच बसून मी आईला पुढे-मागे, पुढे-मागे नमस्कार करायला लावला.

कापाकापी त्या मानाने लवकर उरकली. साडेतीन तासांची ५२ मिनिटं केली. वटपौर्णिमेच्या संध्याकाळी मेहुणा, पुतण्या, तात्या सगळे जमले. आईला पुढची खुर्ची. व्हिडिओ लावला. आई एकटक बघत होती, मी आईकडे. संपल्यावर म्हणाली, "छान झालंय. डोंबिवलीची आत्या कुठाय?"

"आहे की, शेवटी ग्रुप फोटोत."

"रांगेत होती ना? मला ओवाळायला?"

"आई, ती नुसती रांगेत उभी होती. पाच मिनिटं काही घडतच नाही तिथे."

आई काही बोलली नाही. मग मेहुण्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या त्या यंत्रात अजून आहे का रे, कच्चं?"

त्याने कार्ड पुसलं नव्हतं. पिशवीतून हँडीकॅम काढला, एक वायर टीव्हीच्या मागे खोचली, आणि ना कन्व्हर्टर, ना काळी खिडकी, अख्खा कार्यक्रम पडद्यावर सुरू झाला. पुतण्याने माझ्याकडे बघायचं टाळलं. मेहुण्याने पुढे नेऊन ती रांग शोधली. समया, साड्या, मध्येच कोणाचं तरी पोर कॅमेऱ्यासमोरून पळालं, आणि मग आत्या. गुडघ्याच्या ऑपरेशनला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. हातात ताट. बाजूला खुर्ची ठेवलेली, कोणीतरी "बसा" म्हणतंय, ती मानेनेच नको म्हणते आहे. रांग एका पावलाने सरकते, ती एका पावलाने सरकते. पाच मिनिटं खोलीत कोणी बोललं नाही.

"बघ," आई म्हणाली, "एकदाही टेकली नाही."